यंत्राचा दोष आणि यंत्राचा स्वभाव

इंदूरकरांचे फोटोवेड जुने आहे. लाला दीनदयाळ यांचे नाव पुढे हैदराबादच्या निजामाशी जोडले गेले आणि ते 'राजा' दीनदयाळ झाले. परंतु त्यांनी कॅमेरा प्रथम हाती धरला तो आमच्या या गावी. रुडकीच्या महाविद्यालयातून शिक्षण पुरे करून १८६६ साली ते इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. त्या काळी फोटोची प्रत काढायची म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर काचेची निगेटिव्ह दाबून ती उन्हात धरायची. ऊन हेच छपाईचे यंत्र. प्रत फिकी उतरली वा डागाळली तर दोष कोणाचा, असा प्रश्न कोणास पडत नसे. ज्याने फोटो काढला त्यानेच तो छापलेला असे आणि त्यानेच तो पुन्हा छापून द्यावा, हे गृहीत होते.

आमच्या लहानपणीही हेच होते. स्टुडिओत जाऊन बसायचे, चार दिवसांनी पावती दाखवून पाकीट घ्यायचे. पाकिटातला फोटो बिघडलेला असला तर गल्ल्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे. तो मान हलवून आत अंधाऱ्या खोलीत जाई. त्या खोलीत काय चालते हे आपल्याला ठाऊक नसे आणि ठाऊक असण्याची गरजही नसे. आज ती सगळी अंधारी खोली दीड हात लांबीच्या एका पेटीत मावून घरातल्या टेबलावर येऊन बसली आहे. सोय मोठी झाली, यात शंका नाही. मात्र गल्ल्यावरचा माणूस गेला आणि त्याच्या जागी टेलिफोनचा एक क्रमांक आला. या बदलाचा अर्थ काय, हे गेल्या दसऱ्यापासून आम्ही उभयतांनी जे अनुभवले त्यावरून वाचकांपुढे मांडावे, असे वाटले.

फोटो छापण्याचे यंत्र घेण्यामागे आमची हौस थोडी आणि निकड अधिक होती. घरात पत्र्याच्या एका जुन्या पेटीत शंभरावर फोटो आहेत. काही स्वातंत्र्यापूर्वीचे, काही त्यानंतरच्या पंधरावीस वर्षांतले. लग्नातले समूह, मुंजीची मांडवे, राजवाड्यासमोर ओळीने उभे असलेले काका लोक. मागे नाव नाही, साल नाही. त्या चेहऱ्यांची नावे सांगू शकेल असे माणूस आता घरात एकच उरले आहे, ते म्हणजे आमच्या आई. माघात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन व्हायचे होते. त्यांची डावी नजर गेलेली. उजव्या डोळ्याचा पडदा क्षीण होत चाललेला. जे दिसते तेही दर महिन्याला थोडे थोडे उणे होत जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

मूळ फोटो तळहाताएवढे. ते आईंना दिसेनात. मोबाइलवर किंवा संगणकाच्या पडद्यावर मोठे करून दाखवले तर तिरीप डोळ्यांवर येते म्हणून त्या मान फिरवीत. मोठ्या कागदावर, जरा गडद करून, सकाळच्या उजेडात खिडकीशी धरलेला फोटो मात्र त्यांना वाचता येई. कोणता फोटो किती गडद करावा हे एकदोनदा छापल्याशिवाय कळत नाही आणि दर वेळी बाजारात धावणे शक्य नाही. म्हणून जेल रोडच्या बाजारातून सहा शायांच्या टाक्यांचा एक फोटो प्रिंटर आम्ही स्नेहलतागंजातल्या घरी आणला. दसरा होता, झेंडूची माळ आणि हळदकुंकू रीतसर झाले.

येथे या यंत्राची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा राहिला. काळा, पिवळा, निळा व किरमिजी या चार शायांखेरीज फोटोच्या यंत्रात फिकी निळी आणि फिकी किरमिजी अशा आणखी दोन शाया असतात. चेहऱ्यावरचा उजेड, आकाश, पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या असे हलके भाग याच दोन फिक्या शायांनी मुख्यतः भरले जातात. शाई टाक्यांतून बारीक नळ्यांवाटे 'हेड' नावाच्या सरकत्या भागात येते. त्याच्या तळाशी केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. प्रत्येक छिद्रातून शाईचा थेंब उडतो तो काही पिकोलिटरांचा; एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लक्ष कोटीवा भाग. १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये व अमेरिकेत या विद्येचा पाया घातला गेला आणि १९८० नंतर ती बाजारात आली. इतक्या सूक्ष्म छिद्रांपैकी चारदोन जरी बंद राहिली, तरी कागदावर त्या ओळीपुरती शाई पडत नाही आणि फोटोवर आडवी रेघ उमटते.

आमच्या यंत्राने पहिले पाचसहा दिवस उत्तम काम केले. आठवडा संपता संपता चेहऱ्यांवर बारीक, हिरवट रेघा दिसू लागल्या. त्याच वेळी दुसरी एक गोष्ट लक्षात आली: रेघा नसलेला भागही निर्भेळ करडा दिसत नव्हता, त्यावर किंचित हिरवी झाक होती. आईंनी एक प्रत डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "आमच्या वेळचे फोटो काळेपांढरे होते रे, शेवाळलेले नव्हते."

कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र होती. तिच्यापुढे प्रश्नांची एक यादी असावी, कारण आमचे वाक्य पुरे होण्याआधी तिचा पुढचा प्रश्न तयार असे. यंत्र चालू आहे का, कागद नीट बसवला आहे का, शाई कंपनीची आहे का. तिन्ही उत्तरे होकारार्थी होती. मग हेड साफ करण्याची आज्ञा यंत्राला द्यावी, असे तिने सांगितले. ती दिली. रेघा तशाच राहिल्या. पुन्हा द्यावी, म्हणाली. पुन्हा दिली. त्यानंतर बारा तास यंत्र स्वस्थ ठेवून परत पाहावे, असे ठरले.

हा सल्ला निरर्थक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नवीन यंत्राच्या नळ्यांत प्रथम शाई भरताना हवेचे बुडबुडे राहू शकतात आणि यंत्र काही तास स्वस्थ राहिले की ते बहुधा विरतात. परंतु साफसफाई फुकट होत नाही. दर खेपेस हेडमधून बरीच शाई ओढून आतल्या शोषक गादीत टाकली जाते. टाक्यांची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते आणि ती गादीही थोडी थोडी भरत जाते. तेव्हा 'आणखी एकदा साफ करून पाहा' हा सल्ला सांगणाऱ्याला स्वस्त आणि ऐकणाऱ्याला महाग पडतो.

या यंत्रात एक फार न्यायी सोय असते. 'नोझल चेक' नावाचा एक नमुना यंत्र स्वतःच छापते. त्याला संगणक लागत नाही, फोटो लागत नाही, महागडा कागद लागत नाही. साध्या कागदावर प्रत्येक शाईची पायऱ्यापायऱ्यांची जाळी उमटते आणि जे छिद्र बंद असेल तेथील पायरी गळते. आम्ही प्रत्येक साफसफाईच्या आधी व नंतर हा नमुना छापला आणि कोपऱ्यात तारीख व वेळ लिहिली. अशा सात चिठ्ठ्या जमल्या. त्या एकाखाली एक मांडल्यावर दिसले की, फिक्या किरमिजी रंगाच्या जाळीत पाच पायऱ्या गळत आहेत आणि सातही वेळा त्याच पाच. नळीत हवा असती तर गळालेली जागा खेपेगणिक बदलत राहिली असती. जागा हलत नाही याचा अर्थ ती छिद्रे तरी पक्की बुजली आहेत, नाही तर त्यांना हलवणारा विजेचा भागच निकामी आहे. किरमिजी शाई कमी पडली की उरलेल्या रंगांचा तोल हिरव्याकडे झुकतो. रेघा हिरवट का, याचेही उत्तर त्यातच होते.

दिवाळीच्या आधी कंपनीचा तंत्रज्ञ आला. विशीतला मुलगा, पाठीवर पिशवी, दिवसभरात सातआठ घरे करायची घाई. फोटो हाती घेताच तो म्हणाला, "अंकल, पेपर कंपनी का नहीं है। दूसरे पेपर पर ऐसा ही आता है।" आम्ही वाद न घालता त्याच्यासमोर साध्या कागदावर नमुना छापला आणि सात चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. साधा कागद कोणत्याच कंपनीचा नसतो. त्याने त्या पाहिल्या, एकदा स्वतः जोराची साफसफाई करून आठवी चिठ्ठी काढली आणि गप्प झाला. मग त्याने मोबाइल काढून ओटीपी मागितला.

हा ओटीपी म्हणजे काय, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. घरी येणाऱ्या कारागिराला तुम्ही तो आकडा सांगितला की कंपनीच्या दप्तरी तक्रार मिटल्याची नोंद होते. ती आपली सही असते. पूर्वी कागदावर 'काम समाधानकारक झाले' असे छापलेले असे आणि त्याखाली आपण सही करीत असू. आता ते वाक्य आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. आम्ही आकडा दिला नाही. "मेरा कॉल क्लोज नहीं होगा, ऊपर से बात सुननी पड़ेगी," असे तो काकुळतीने म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. त्याचा दिवस मिटलेल्या तक्रारींवर मोजला जातो, दुरुस्त झालेल्या यंत्रांवर नव्हे. आम्ही त्याला चहा दिला आणि सांगितले, तू जे डोळ्यांनी पाहिलेस तेवढेच कामाच्या कागदावर लिही, अधिक नको. त्याने लिहिले: साफसफाईनंतरही फिक्या किरमिजीत पाच जागी खंड, हेड बदलण्याची शिफारस. आम्ही त्या कागदाचा फोटो काढून ठेवला.

आमच्या मते सगळा निकाल त्या एका ओळीने लागला. पुढे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आम्ही जे पत्र पाठवले त्यात राग नव्हता, विशेषणे नव्हती. खरेदीची पावती, आठ चिठ्ठ्या आणि कामाचा कागद. हमी एक वर्षाची किंवा ठरावीक संख्येच्या प्रतींची, जे आधी संपेल ते, अशी होती; म्हणून यंत्रातून तोवर किती प्रती निघाल्या तो आकडाही कळवला. उत्तर येण्यास नऊ दिवस लागले आणि मधल्या काळात 'आपली तक्रार निवारली गेली आहे' असा एक संदेशही येऊन गेला. त्याला आम्ही तत्काळ लेखी नकार दिला. दिवाळी सरली. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास नवे हेड आले आणि त्याच मुलाने ते बसवले. नववी चिठ्ठी अखंड निघाली. आकडा त्याने मागण्याआधी आम्ही सांगितला.

एवढे झाल्यावरही ती हिरवी झाक समूळ गेली नव्हती. रेघा गेल्या, झाक उरली. येथेच आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. रेघा हा यंत्राचा दोष होता. झाक हा यंत्राचा स्वभाव होता. जुन्या फोटोतला करडा रंग चांदीच्या सूक्ष्म कणांचा आहे. तो मुळात एकच पदार्थ आहे. या यंत्राजवळ करडी शाई नाही. ते निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा यांच्या मिश्रणातून करड्याचा भास निर्माण करते. हा तोल कागदागणिक बदलतो, ओल्या व वाळलेल्या शाईत बदलतो, ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि खिडकीच्या उजेडात दुसरा. यास औषध हेड बदलणे नव्हे. ज्या कागदावर छापायचे त्याची योग्य निवड यंत्राला सांगणे, प्रत एक दिवस वाळू देणे आणि ज्या उजेडात पाहायची त्या उजेडातच तिची परीक्षा करणे, हे औषध. आमच्या टेबलावरचा कागद बदलून त्याच्या जोडीची रंगनोंद संगणकात बसवल्यावर तो हिरवेपणा नावापुरता राहिला.

गिऱ्हाइके आणि कंपन्या यांच्यात जे रण माजते, त्याचे मूळ या दोहोंच्या गल्लतीत आहे, असे आम्हांस वाटते. गिऱ्हाईक स्वभावालाही दोष म्हणते आणि रंग थोडा वेगळा आला की यंत्र परत घ्या म्हणून भांडते. कंपनी दोषालाही स्वभाव म्हणते आणि 'ऐसा ही आता है' म्हणून मोकळी होते. आम्ही दोन्ही गोष्टी एकाच तक्रारीत गुंफल्या असत्या, तर कंपनीला सोपे झाले असते. झाकेचे कारण दाखवून तिने रेघाही कागदाच्या माथी मारल्या असत्या. म्हणून पत्रात झाकेचा उल्लेखच केला नव्हता. जे सिद्ध करता येते तेवढेच मागितले.

कायदाही हाच विवेक करतो. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात वस्तूतील दोष आणि सेवेतील उणीव यांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. बिघडलेले हेड हा वस्तूतील दोष. न मिटलेली तक्रार मिटली म्हणून नोंदणे ही सेवेतील उणीव. नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आम्हांला तेथवर जावे लागले नाही. परंतु ते दार आहे हे ठाऊक असले की पत्रातली भाषा आपोआप शांत राहते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा असा कायदा देशात नव्हता. ग्राहकाने संघटित व्हावे आणि जागेही असावे, हा तिचा आग्रह आजच्या टेलिफोनच्या युगातही जुना झालेला नाही.

आता पाच आठवड्यांच्या या खटपटीतून मिळाले काय, ते सांगतो. रेघा पडत होत्या त्या दिवसांत मांडवातल्या एका समूहाची प्रत आम्ही आईंना दाखवली होती. उजव्या टोकाला एक मुलगी उभी आहे, डोक्यावर पदर, अर्धा चेहरा सावलीत. रेघ नेमकी तिच्या डोळ्यांवरून गेली होती. आईंनी बराच वेळ पाहून "कोणी शेजारपाजारची असेल" म्हणून कागद खाली ठेवला होता. नव्या हेडवर तोच फोटो पुन्हा छापला. सकाळी खिडकीशी तो हाती देताच त्या म्हणाल्या, "अगबाई, ही तर आमची धाकटी आत्या. लग्न झाले आणि वर्षाच्या आतच गेली. हिचा फोटो कुठे नाहीच, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो." मग त्यांनी तिचे माहेरचे नाव सांगितले, सासरचे सांगितले, आणि ती पाटावर बसून ओव्या म्हणत असे तेही सांगितले. आम्ही ते मऊ पेन्सिलीने मूळ फोटोच्या मागे, कडेला, हलक्या हाताने लिहिले. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो, म्हणून पेन्सिल.

माघापर्यंत त्र्याऐंशी फोटोंना नावे मिळाली. उरलेल्यांपैकी काही आईंना ओळखता आले नाहीत. काहींपर्यंत त्यांची नजर पोचली नाही. पाच आठवडे लवकर मिळाले असते तर आणखी किती नावे हाती लागली असती, याचा हिशेब कोणत्याही हमीपत्रात नसतो. कंपनीच्या दप्तरी आमची तक्रार एका सुट्या भागाची होती, आणि तिने तो भाग बदलून दिला. याहून अधिक तिच्याकडे मागण्याचा आमचा हक्क नव्हता. परंतु टेलिफोनवर यादी वाचणाऱ्या माणसाला हे सांगण्याची सोय असावी, असे मात्र वाटते की, काही घरांत वेळ ही शाईपेक्षा महाग असते.

ज्यांच्या घरी असे यंत्र येणार आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिल्याच दिवशी नोझलचा अखंड नमुना छापून, तारीख घालून, पावतीबरोबर ठेवावा. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच होईल. यंत्र भिंतीवरच्या बटणाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावे, म्हणजे हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते व शाई वाळत नाही. माळव्यातील वैशाखाच्या कोरड्या झळांत आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांची एक प्रत काढावी. आणि काम डोळ्यांनी पाहिल्याविना आकडा कोणाला सांगू नये.

तो मुलगा हेड बसवून निघाला तेव्हा टेबलावर राजवाड्यासमोरचा फोटो वाळत होता. १९८४ च्या आगीत राजवाड्याचा मागचा भाग जळाला, त्याच्या कितीतरी आधीचा. त्याने वाकून पाहिले आणि विचारले, "ये अपना राजवाड़ा है? इत्ता खाली?" आम्ही हो म्हणालो. त्याने परवानगी मागून मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. आईंनी आतून विचारले, कोण आहे. आम्ही सांगितले, यंत्र दुरुस्त करणारा आहे. "मग त्याला नाव विचारा," त्या म्हणाल्या, "आणि तेही कुठे तरी लिहून ठेवा." ते आम्ही पावतीच्या मागे लिहून ठेवले आहे.